देणारा देव, घेणारा देव: ख्रिस्ती बलिदान आणि येशूचं देवत्व

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आम्ही आगरी. एकवीरा आईला नवस बोलतो, तो फेडायला कार्ल्याला जातो, आईला मान देतो, कोंबडं-बकरं देतो. देणारा माणूस, घेणारी आई. यात गोंधळ नाही. माझ्या ऑफिसात तिघं ख्रिस्ती आहेत. कॅथलिक मुलगी म्हणते, येशू देवच आहे आणि प्रत्येक मिस्सात (म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेत) त्याचं बलिदान असतं. मेथडिस्ट सर म्हणतात, बलिदान एकदाच झालं, आता आपण करतो ती त्याची आठवण. तिसरी यहोवाची साक्षीदार आहे. ती म्हणते, येशू हा देव नाही, देवाचा पुत्र आहे, पण त्याने आपल्यासाठी जीव दिला हे खरं. मग देवाने देवालाच बळी दिलं का? देव मेला तर तेव्हा जग कोण चालवत होतं? आणि स्वतःच्या मुलाचं रक्त मागणारा देव चांगला कसा?"

ताई, मी ठाण्यात मोठ्या माणसांना धर्मशिक्षण देते. बाप्तिस्मा मागायला आलेले लोक आणि एक ख्रिस्ती, एक हिंदू अशी लग्न ठरलेली जोडपी माझ्या वर्गात असतात. तुमचे तिन्ही प्रश्न तिथे दरवर्षी येतात आणि ते विचारणारी माणसं सहसा सर्वांत मन लावून ऐकणारी असतात. मी कॅथलिक आहे हे आधीच सांगते, म्हणजे माझं मत कुठे डोकावतंय ते तुम्हाला कळत राहील.

तुमच्या ऑफिसातल्या तिघांचं ऐकताना तुम्ही "येशू देव आहे का" आणि "त्याचं बलिदान म्हणजे काय" हे दोन वेगळे प्रश्न धरलेत. बहुतेक ख्रिस्ती लोकही तसेच धरतात आणि तिथेच अडकतात. मला इतक्या वर्षांत पटलेली गोष्ट अशी की हा एकच प्रश्न आहे. तो कोण होता हे जसं ठरेल तसा त्याच्या मरणाचा अर्थ ठरतो. म्हणून कुठल्याही पंथाचं मत समजून घ्यायचं तर तुम्ही नवसाबद्दल जे सांगितलंत तेच त्यांना विचारायचं: देतं कोण, घेतं कोण आणि मरतं कोण?

आधी मूळ पाहू. येशू यहुदी होता आणि यहुद्यांचं बलिदान तुम्हाला अजिबात परकं वाटणार नाही. यरुशलेमच्या मंदिरात बैल, मेंढरं, बकरे आणि गरिबांकडून कबुतरं अर्पण होत. वल्हांडणाला प्रत्येक घर कोकरू कापत असे, कारण मिसरातून (इजिप्तमधून) सुटका झाली त्या रात्री दाराच्या चौकटीला त्याचं रक्त लावलं होतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचं रक्त घेऊन मुख्य याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या गाभाऱ्यात, जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करी आणि त्याला जिवंतच रानात सोडून देत. हे सगळं बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे.

त्याच शास्त्रात याविरुद्धचा आवाजही आहे. होशेय संदेष्टा देवाच्या तोंडून म्हणतो, मला यज्ञ नको, दया हवी. मीखा विचारतो, देवाला हजारो मेंढे हवेत का, की माझा पहिला मुलगा हवा? आणि उत्तर देतो की न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवासमोर नम्रपणे चाल. येशूने होशेयाचं ते वाक्य स्वतः वापरलं आहे. रोमनांनी इसवी सन ७० मध्ये मंदिर पाडलं आणि यहुद्यांचे पशुबळी थांबले. त्यांचा धर्म प्रार्थना, दानधर्म आणि शास्त्राध्ययन यांवर उभा राहिला आणि आजही उभा आहे. म्हणजे बळीशिवाय क्षमा नाहीच असं शास्त्राचं एकमुखी म्हणणं आहे, हे आमच्यातले काही प्रचारक सांगतात तितकं सरळ नाही. "रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही" हे बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं वाक्य ते सांगतात. त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं जात नाहीत असंही म्हटलंय, ते राहून जातं.

अशा लोकांमधून पहिले ख्रिस्ती आले आणि त्यांनी एक विलक्षण गोष्ट सांगितली. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने गावाबाहेर एका माणसाला रोमन शिपायांनी क्रूसावर मारलं, तिथे वेदी नव्हती, याजक नव्हता, मंत्र नव्हता, आणि तेच खरं बलिदान होतं. अर्पण करणारा तोच आणि अर्पणही तोच. इब्री लोकांस पत्र सगळं याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

आता समजा, येशू फक्त माणूस होता. एक निर्दोष, थोर माणूस. तर मग देवाने आपल्या पापांपायी एका निरपराध माणसाचा जीव घेतला असा अर्थ होईल. तो नरबळी झाला, आणि नरबळी तर बायबलला अत्यंत घृणास्पद आहे. अब्राहामाने इसहाकावर सुरी उचलली तेव्हा देवाने हात थांबवला. मुलं आगीत होमणाऱ्यांबद्दल यिर्मयाच्या पुस्तकात देव म्हणतो की हे मी सांगितलं नाही, माझ्या मनातही आलं नाही. तेव्हा येशूला केवळ माणूस ठेवून त्याच्या मरणाला "देवाने मागितलेलं बलिदान" म्हणणं हा सर्वांत अडचणीचा पर्याय आहे. याउलट तो हुतात्मा होता, सत्यासाठी मेला, एवढंच म्हणणं सरळ आहे. येशूला देव न मानणारे युनिटेरियन ख्रिस्ती साधारण तसं म्हणतात. पण मग त्याचं मरण आणि इतर हुतात्म्यांचं मरण यात फरक प्रतीचा राहतो, जातीचा राहत नाही.

हा फरक समजावताना मी ठाण्याचंच उदाहरण देते. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्याला उतरले: टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्री. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या मंडळीतल्या, ख्रिस्त्यांची थोडी घरं होती, त्यांतल्या एका घरी ते राहिले. त्यानंतर इथे आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलंय की काझीसमोर जो वाद झाला त्याचा पहिला विषय ख्रिस्त निव्वळ माणूस की देव, हाच होता. मग वाद पैगंबरांवर गेला, चिघळला, आणि एप्रिलमध्ये चौघांना ठार करण्यात आलं. त्यांचे सोबती जोर्दानस यांनी देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि ओडोरिकने पुढे अस्थी चीनला नेल्या. मासुंदा तलावाच्या काठी आपण संध्याकाळी फिरतो त्या शहरात सातशे वर्षांपूर्वी तुमच्याच प्रश्नावर माणसं बोलत होती.

त्या चौघांना आम्ही रक्तसाक्षी मानतो, त्यांचा सन्मान करतो. पण ते आमच्या पापांसाठी मेले असं कोणी ख्रिस्ती म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. त्यांनी जीव देवाला दिला, म्हणजे दिशा तुमच्या नवसाचीच होती: माणसाकडून देवाकडे. येशूच्या बाबतीत आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. तिथे देव देतो. पौल हा पहिल्या पिढीतला प्रेषित करिंथकरांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. रुसलेल्या देवाची समजूत कोणी तिसऱ्याने घातली असं तो म्हणत नाही. समेट करायला देव स्वतः आला असं म्हणतो.

हे वाक्य टिकायचं असेल तर येशू खरोखर देव असायला हवा. चौथ्या शतकात वाद पेटला तो इथेच. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा सर्वांत श्रेष्ठ, जगाच्या आधीचा, पण निर्माण केलेला आहे, आणि तो नव्हता असा एक काळ होता. एरियस मूर्ख नव्हता, बायबलातून दाखले देत होता. "पिता माझ्याहून थोर आहे" हे येशूचंच वाक्य आहे, आणि शेवटच्या दिवसाची वेळ पुत्रालाही ठाऊक नाही असं येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मार्काने लिहिलंय. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाला धर्मसभा बोलावली. पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे, असं तिथे ठरलं. प्रकरण तरी मिटलं नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षं, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेपर्यंत, सम्राट बदलले की बिशप हद्दपार होत राहिले. अथानेशियस हा नायसियाचा कट्टर कैवारी, त्यालाच पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. त्याचा युक्तिवाद बलिदानाशी जोडलेला होता. निर्माण केलेला कितीही थोर असला तरी तो स्वतःच देवावर अवलंबून आहे, तो दुसऱ्या निर्मितीला मरणातून सोडवून देवाच्या जीवनात कसा नेणार? वाचवणारा देवच असला पाहिजे. मला हा युक्तिवाद आजही पटतो, आणि एरियसच्या वचनांचं उत्तर त्यातून निघतं असं वाटतं: देव खरोखर माणूस झाला असेल तर त्याला भूक लागणारच, काही गोष्टी ठाऊक नसणारच, आणि तो पित्याकडे पाहून "तू माझ्याहून थोर" म्हणणारच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, देव मेला तर जग कोण चालवत होतं.

याची दोन सोपी उत्तरं इतिहासात दिली गेली आणि ती दोन्ही मंडळीने, म्हणजे चर्चने, नाकारली. एक असं की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन रूपं आहेत, म्हणजे क्रूसावर पिताच होता. तिसऱ्या शतकात टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने यावर टीका केली की या लोकांनी पित्यालाच क्रूसावर चढवलं. मग येशू बागेत प्रार्थना कोणाला करत होता? आज "फक्त येशूच्या नावाने" बाप्तिस्मा देणाऱ्या काही पेंटेकोस्टल मंडळ्यांची शिकवण याच्या जवळ जाते. दुसरं उत्तर असं की देव आणि माणूस हे येशूत जणू दोघे शेजारी राहत होते आणि मेला तो फक्त माणूस. मग पुन्हा देवाने काहीच दिलं नाही, एका माणसाचा जीव गेला.

४५१ साली खाल्सेदोनच्या सभेने म्हटलं ते असं: येशू ही एकच व्यक्ती, पण तिचे स्वभाव दोन, पूर्ण देवाचा आणि पूर्ण माणसाचा. ते मिसळत नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. मरण मानवी स्वभावाचं आहे, पण मरणारी व्यक्ती देवाचा पुत्र आहे. म्हणून "देवाचा पुत्र मेला" हे खरं, आणि "देवपण संपलं" हे खोटं. देव म्हणून तो विश्व धारण करतच होता. ५५३ च्या सभेने तर स्पष्ट सांगितलं की देहाने क्रूसावर खिळलेला प्रभू त्रैक्यातलाच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यातलाच) एक आहे. हे डोक्यात पूर्ण मावत नाही, हे मी वर्गात लपवत नाही. पण यातलं एक टोक सोडलं तर काय हातून जातं हे दाखवता येतं, आणि ते मी वर दाखवलं.

या मांडणीवरून पूर्वेकडच्या काही जुन्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. नवी मुंबईत मलंकारा ऑर्थोडॉक्स लोक तुम्हाला भेटले असतील, ते खाल्सेदोन मानत नाहीत. ते म्हणतात, एकत्र आलेला एकच स्वभाव, देवाचा आणि माणसाचा. ठाण्यातल्या त्या नेस्टोरियन घरांची परंपरा उलट्या टोकाची, दोन्ही स्वभाव फार वेगळे ठेवणारी, असं पश्चिमेकडचे लोक समजत. पण १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि खाल्सेदोन न मानणाऱ्या इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीचे पोप शनूदा यांनी, आणि १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि असिरियन पूर्व मंडळीचे मार दिन्खा यांनी सह्या करून मान्य केलं की ख्रिस्ताबद्दल आपण एकच श्रद्धा वेगवेगळ्या भाषेत सांगतो आहोत. दीड हजार वर्षांचं भांडण शांतपणे बसून सुटू शकतं, याचा मला फार आधार वाटतो.

तुमच्या यहोवाच्या साक्षीदार मैत्रिणीचं मत या सगळ्याच्या बाहेर आहे, पण ते विसंगत नाही, हे तिच्या बाजूने सांगते. तिच्या मते येशू हा देवाने निर्माण केलेला पहिला. आदामाने परिपूर्ण मानवी जीवन गमावलं, येशूने तेवढंच परिपूर्ण मानवी जीवन मोबदल्यात दिलं. तराजूची दोन पारडी बरोबर झाली. या हिशेबात येशू देव असून चालतच नाही, कारण मग पारडं जड होईल. त्याच्या मरणाचा स्मरणविधी ते वर्षातून एकदा पाळतात आणि भाकर-द्राक्षारस बहुतेक जण स्वतः न घेता पुढे देतात. माझा आक्षेप एवढाच की या चित्रात देव हिशेब तपासणारा राहतो, पदरचं काही देत नाही. ज्याने दिलं तो दुसराच कोणी. "देवाने जगावर एवढी प्रीती केली" या वाक्याचं वजन त्यात कमी होतं असं मला वाटतं. ती असं मानणार नाही. तिला विचारा, ती मनापासून सांगेल.

तिसरा प्रश्न मुलाचं रक्त मागणाऱ्या देवाचा, आणि यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे.

पहिली गोष्ट, येशूच्या देवत्वाची व्याख्या मंडळीने सभा भरवून केली, पण बलिदानाने तारण नेमकं कसं होतं याची अशी एकच व्याख्या सर्व ख्रिस्त्यांवर बंधनकारक म्हणून कधीच झाली नाही. नायसियाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, "आमच्यासाठी" एवढंच आहे. म्हणून इथे मतं भरपूर आहेत.

सुरुवातीच्या शतकांत खंडणीची मांडणी चालत असे: माणूस सैतानाच्या कैदेत होता, येशूने आपला जीव देऊन सोडवला. येशूचंच एक वचन आहे की मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. पण खंडणी दिली कोणाला? ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती पंडिताच्या लिखाणात ती सैतानाला दिल्यासारखं चित्र येतं. चौथ्या शतकात नाझियांझसचा ग्रेगरी यावर संतापला. दरोडेखोराला देवाने खंडणी द्यायची, ती सुद्धा स्वतःची? आणि पित्याला दिली म्हणाल, तर ज्या पित्याने इसहाकाचाही बळी घेतला नाही त्याला आपल्या पुत्राच्या रक्ताचा आनंद कसा होईल? पाहा ताई, तुमचा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपने, ज्याला आम्ही संत मानतो, भर प्रवचनात विचारला आहे.

अन्सेल्म हा कँटरबरीचा आर्चबिशप. त्याने १०९८ च्या सुमारास वेगळं मांडलं. पाप म्हणजे देवाचा मान न राखणं. भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ताकद फक्त देवाकडे, म्हणून देव-माणूस. लोक अन्सेल्मवर शिक्षेची कल्पना लादतात, ते चुकीचं आहे. तो म्हणतो की एक तर शिक्षा होते, नाहीतर भरपाई होते, आणि येशूने भरपाई केली. शिक्षेची मांडणी सोळाव्या शतकातली. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन कायदा शिकलेला माणूस होता, त्याच्याकडे चित्र न्यायालयाचं: गुन्हेगार आपण, शिक्षा येशूने भोगली. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत, विशेषतः स्टेशनजवळच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या प्रार्थनासभांत, तुम्हाला हेच ऐकू येईल. या शिकवणीने पिचलेल्या पुष्कळ माणसांना मोकळा श्वास दिलाय, हे मी पाहिलंय: दारूने घर बुडवलेला माणूस जेव्हा ऐकतो की तुझी शिक्षा भोगून झाली, तेव्हा तो उठून उभा राहतो. पण तीच शिकवण बेफिकीरपणे सांगितली की चिडलेला बाप आणि मार खाणारा निर्दोष मुलगा असं चित्र तयार होतं, आणि ते ख्रिस्ती श्रद्धेचं चित्र नाही. कॅल्विननेही लिहिलंय की देवाचं प्रेम आधी होतं, समेट त्या प्रेमातून आला.

या चित्रावरचा उपाय देवत्वाच्या श्रद्धेतच आहे, हे माझं मुख्य म्हणणं. पिता आणि पुत्र जर एकतत्त्व असतील, त्यांची इच्छा एकच असेल, तर एकाने मागितलं आणि दुसऱ्याला द्यावं लागलं असं होऊच शकत नाही. येशू योहानाच्या शुभवर्तमानात (योहानाने लिहिलेल्या येशूचरित्रात) म्हणतो, माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. ऑर्थोडॉक्स उपासनेत धर्मगुरू अर्पणाआधी ख्रिस्ताला उद्देशून म्हणतो की अर्पण करणारा तूच, अर्पण होणारा तूच, स्वीकारणारा तूच आणि वाटला जाणाराही तूच. बाराव्या शतकात काहींनी यावर हरकत घेतली की अर्पण तर फक्त पित्याला असतं. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या ११५७ च्या सभेने ठरवलं की ते अवघ्या त्रैक्याला अर्पण झालं, म्हणजे पुत्रालाही. तुम्ही विचारलंत, देवाने देवालाच दिलं का? होय, असं त्यांनी उघडपणे म्हटलं. त्यात देवाला काही कमी होतं म्हणून नव्हे. देवाच्या आत जे देणं-घेणं अनादी काळापासून चालू आहे, पिता पुत्राला सर्वस्व देतो आणि पुत्र पित्याला, त्यात त्याने माणसाला ओढून घेतलं. पूर्वेकडचे ख्रिस्ती म्हणूनच क्रूसापेक्षा पुनरुत्थानावर जास्त बोलतात: मरणाच्या घरात शिरून त्याने मरण मोडलं.

आबेलार्ड या बाराव्या शतकातल्या फ्रेंच पंडिताने म्हटलं की क्रूस पाहून आपल्यात प्रेम जागतं, तेच तारण. यात सत्य आहे, पण पुरेसं नाही असं मला वाटतं. ज्याचं मन जागत नाही त्याचं काय? विसाव्या शतकात रेने जिरार या विचारवंताने वेगळाच धागा पकडला. समाज आपली भांडणं एका निरपराध माणसावर ढकलून शांत होतो, आणि शुभवर्तमानं हे ढोंग उघडं पाडतात, कारण ती बळीच्या बाजूने सांगितलेली आहेत. त्याचं सगळं पटो न पटो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, आणि त्यांना घरच्यांनी सांगितलेलं असतं की हा तुझा क्रूस आहे, येशूनेही सोसलं, तू सोस. हे बलिदान नाही. येशूने आपण होऊन दिलं, त्याच्यावर जुलूम करणाऱ्यांचं काम त्याने योग्य ठरवलं नाही, पिलातासमोर त्यांना दोषी म्हटलं. कोणाच्या तरी हिंसेला वेदी बनवून त्यावर दुसऱ्याला चढवणं, आणि तेही येशूच्या नावाने, ही विटंबना आहे. ज्या धर्मशिक्षणातून बाई घरी जाऊन गप्प बसायला शिकते ते धर्मशिक्षण चुकलं, असं मी उघडपणे सांगते.

तुमच्यासारखे प्रश्न आपल्या देशात मोठ्या माणसांनी विचारलेत. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूची नीतिवचनं निवडून छापली. चमत्कार आणि देवत्वाचे सिद्धान्त वगळले. बंगालातल्या श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्याशी त्यांचा काही वर्षं जाहीर वाद चालला. निरपराधाने दुसऱ्याच्या पापाची शिक्षा भोगणं हा न्याय नाही, पश्चात्तापाने क्षमा मिळते, असं राममोहन यांचं म्हणणं. त्यांच्याबरोबर बायबलच्या भाषांतरावर बसणारे विल्यम अ‍ॅडम हे मिशनरी शेवटी स्वतःच युनिटेरियन झाले. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांवर त्या वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून झुंजत राहिल्या. बाईंनी चर्चच्या दडपणाखाली होकार दिला नाही. पुढे त्या श्रद्धेत स्थिर झाल्या त्या स्वतःच्या अनुभवाने. माझ्या वर्गात कोणी "सध्या देवत्व पटत नाही" म्हणालं की मी रमाबाईंचं नाव सांगते आणि घाई करत नाही.

राहिला मिस्साचा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेचा प्रश्न. इथे तुमच्या कॅथलिक मैत्रिणीचं आणि मेथडिस्ट सरांचं म्हणणं वाटतं तितकं लांब नाही. बलिदान एकदाच झालं, पुन्हा होत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने १५६२ मध्ये कॅथलिक मत मांडलं ते असं की मिस्सात अर्पण होणारा तोच, अर्पण करणाराही तोच, फक्त पद्धत रक्ताविना. म्हणजे कालवरीवरचं (जिथे येशूला क्रूसावर खिळलं तिथलं) एकच बलिदान आपल्यासमोर उपस्थित होतं, दुसरं होत नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर म्हणाला की भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे, पण मिस्सा हे देवाला दिलेलं अर्पण नाही, देवाने आपल्याला दिलेलं दान आहे. स्विस सुधारक झ्विंग्लीने ती आठवणच मानली. मेथडिस्ट परंपरेत मात्र नुसती आठवण एवढंच नाही. त्यांचे संस्थापक जॉन वेस्ली प्रभुभोजनाला कृपेचं साधन मानत आणि ते वरचेवर घ्या असं सांगत. सरांना हे विचारून पाहा. १९८२ मध्ये पेरूच्या लिमा शहरात ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक धर्मपंडितांनी मिळून जो मसुदा तयार केला, त्यात हे भोजन म्हणजे ख्रिस्ताच्या एकदाच झालेल्या बलिदानाची जिवंत आणि परिणामकारक खूण आहे इथपर्यंत सगळे बरोबर आले. मला स्वतःला वाटतं, मिस्साला गेल्यावर आपण देवाला काही नेऊन देतो असं समजणाऱ्या कॅथलिकांनी लूथरचं ऐकावं, आणि ती केवळ आठवण समजणाऱ्यांनी ट्रेंटचं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की वाचायला आणि पाहायला काही सांगा. आधी मार्काचं शुभवर्तमान वाचा, ते सर्वांत छोटं आहे. त्यात येशू क्रूसावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" म्हणून ओरडतो. ते वाक्य बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, म्हणून ते स्तोत्रही शेवटपर्यंत वाचा. मग फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आणि इब्री लोकांस पत्राचे नववा-दहावा अध्याय. गुड फ्रायडेला दुपारी आमच्या चर्चमध्ये या, कोणीही येऊ शकतं, विचारावं लागत नाही. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, आदल्या रात्री ठेवलेला ख्रिस्तप्रसाद वाटतात. प्रसादाच्या रांगेत मात्र उभ्या राहू नका, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. क्रूसवंदनाच्या रांगेत तुम्ही येऊ शकता. नमस्कार करा, नाहीतर नुसत्या पाहत बसा. गर्दी असते, अर्धा तास आधी या.